तारेवरची कसरत

माणसानं घर बांधावं, विहीर खणावी; शिडाची होडी बांधू नये. निदान चितेगावात तरी नाही. पण पैठणचा नाथसागर इतका जवळ असताना मला मोह आवरला नाही आणि अंगणात बारा फुटी प्लायवूडची होडी उभी राहिली. तोवर लोक नुसते हसत होते. डोलकाठीला ताण द्यायला तार कुठली घ्यायची, हा प्रश्न निघाला मात्र, हसणारे सगळे एका रात्रीत तज्ज्ञ झाले!

सर्वांचं एकच म्हणणं, "स्टेनलेस घ्या!" का? तर चमकते. मुंबईचा मेहुणा म्हणाला, "दाजी, २०१८ साली अभिलाष टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, अन् तुम्ही जस्ताच्या मुलाम्याची तार लावताय?" अरे बाबा, ती मोडली हिंदी महासागराच्या वादळात! नाथसागरातही लाटा येतात, नाही असं नाही. पण त्या महासागराच्या चुलत भावंडांतही बसत नाहीत. खाऱ्या पाण्याला ३१६ नंबरचं स्टेनलेस हवं, कबूल. पण गोदावरीत मीठ कुणी कालवलंय?

शिवाय स्टेनलेसचा स्वभाव मला पसंत नाही. ती आतल्या आत थकते, चिरते, आणि चेहरा शेवटपर्यंत हसरा. जस्तवाली बिचारी आधी तांबूस पडते, "साहेब, आता मला बदला" म्हणून सांगते. वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला विचारा, कर्ज बुडवणारा नेहमी कडक इस्त्रीतच येतो.

दुकानदारानं वेगळीच तार पुढे केली, बोअरच्या मोटारीला बांधतात तसली. "घ्या, एकदम मऊ आहे." अहो, मला डोलकाठी बांधायचीय, झोपाळा नाही! सात पेडांची, दर पेडात एकोणीस तारा असलेली ती तार कप्पीवरून फिरायला उत्तम. पण ताणली की लांबते. डोलकाठीला हवी एकाच पेडाची, एकोणीस तारांची, ताठ मानेची. तीन मिलिमीटरचीसुद्धा तुटायला सातशे किलोच्या आसपास ताण लागतो. कारकुनासकट आमची होडी त्यात सहज बसते.

आणि खरी गोम पुढेच आहे. तार मध्ये क्वचित तुटते. तुटते ती टोकाला. पण टोकाची चौकशी एकानं केली असेल तर शपथ! फाशात थिंबल नाही, यू-क्लॅम्प उलटा. क्लॅम्पची बैठक ताणाच्या तारेवर आणि यू मोकळ्या टोकावर, एवढं साधं. उलट बसवला तर महागातली तारही चेपते. कर्जदार कितीही भारी असो, आधी जामीनदार बघावा, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य. तेव्हा होडी सोडायची तर आधी परवानगी. ती येईपर्यंत हिनं माझ्या ताठ तारेवर कपडे वाळत घातले. पावसाळा सरला आणि एके दिवशी पांढऱ्या चादरीवर तांबूस रेघ उमटली. मी आनंदानं ओरडलो, "बघ, तार आधी सांगते!"

ही म्हणाली, "तरी मी म्हणत होते, स्टेनलेस घ्या!"