सनद देणे सोपे, परत घेणे अवघड

ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांचे बंधू अँड्र्यू यांचे किताब आणि मानमरातब काढून घेण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे ३० ऑक्टोबर २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्याने जाहीर केले. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनशी असलेल्या मैत्रीने ओढवलेल्या वादामुळे ही कारवाई झाली. अँड्र्यू यांनी आरोप सातत्याने नाकारले होते. 'प्रिन्स' ही उपाधी गेली, सरदारांच्या अधिकृत नोंदवहीतून 'ड्यूक ऑफ यॉर्क' हे नावही वगळले गेले. मात्र १९८६ साली दिलेले ड्यूकपद या कारवाईने कायद्याने रद्द झाले नाही. राजाने दिलेली वस्तू राजालाच परत घेता येऊ नये, हे कसे? याचे उत्तर ड्यूकपदाच्या सनदेत आहे.

इंग्लंडमधील पहिले ड्यूकपद तिसऱ्या एडवर्डने १३३७ साली आपल्या ज्येष्ठ पुत्रासाठी निर्माण केले, ते कॉर्नवॉलचे. राजाचा ज्येष्ठ पुत्र गादीचा वारस असेल, तर ते त्याच्याकडे आपोआप जाते. इतर राजपुत्रांना मात्र स्वतंत्र सनद द्यावी लागते आणि तीत बहुधा 'औरस पुरुष वारस' अशी अट असते. एकदा सनद दिली की तो वारसाहक्क ठरतो. तो काढून घ्यायचा तर संसदेचा कायदा लागतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या बाजूला गेलेल्या ड्यूक ऑफ ऑल्बनी आणि ड्यूक ऑफ कंबरलँड यांचे किताब काढण्यासाठी १९१७ साली खास कायदा करावा लागला. त्याची अंमलबजावणी १९१९ मध्ये झाली. तरीही वारसांना किताब परत मागण्याची मुभा त्याच कायद्याने ठेवली.

पुरुष वारसाच्या अटीचे परिणाम विलक्षण आहेत. दिल्लीतील कॅनॉट प्लेसला ज्यांचे नाव दिले गेले, ते ड्यूक ऑफ कॅनॉट आर्थर हे व्हिक्टोरिया राणीचे पुत्र. १८८६ ते १८९० या काळात ते मुंबई लष्कराचे सरसेनापती होते. १९४२ साली त्यांच्या निधनानंतर किताब नातवाकडे गेला. पुढच्याच वर्षी तो निपुत्रिक वारला आणि किताब संपला. आर्थर यांची कन्या पॅट्रिशिया १९७४ पर्यंत हयात होती, पण तिचा विचारही होऊ शकत नव्हता. यॉर्कचे ड्यूकपद तर १४७४ पासून एकदाही बापाकडून मुलाकडे गेलेले नाही. धारक एक तर राजा झाला आणि किताब राजमुकुटात विलीन झाला, किंवा पुत्राविना वारला. अँड्र्यू यांनाही दोन कन्याच आहेत.

वस्तुतः राजगादीसाठी ब्रिटनने ही अट केव्हाच सोडली आहे. २०१३ च्या कायद्यानुसार २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांत मुलगा-मुलगी असा भेद उरला नाही. परंतु ड्यूकपदांना त्या कायद्याने हात लावला नाही. त्यामुळे उद्या राजाचे ज्येष्ठ अपत्य कन्या असेल, तर ती राणी होईल, पण कॉर्नवॉलची जहागीर तिला किताबासह मिळणार नाही. ती उणीव पैशाने भरून काढण्याची तरतूद २०११ च्या एका कायद्यात करण्यात आली. हक्काऐवजी भरपाई, असाच त्याचा अर्थ.

मग मार्ग कोणता? त्याची चुणूक २०२३ मध्ये दिसली. प्रिन्स फिलिप यांना १९४७ साली मिळालेले एडिनबराचे ड्यूकपद २०२१ मध्ये चार्ल्स यांच्याकडे आले आणि २०२२ मध्ये ते राजे होताच राजमुकुटात विलीन झाले. १० मार्च २०२३ रोजी राजांनी ते धाकटे बंधू एडवर्ड यांना दिले, पण केवळ हयातीपुरते. एडवर्ड यांना पुत्र असूनही तो वारस ठरणार नाही.

जुनी सनद रद्द करणे कठीण, पण नवी सनद जपून लिहिणे राजाच्या हाती आहे. वंशपरंपरागत मान देताना घेणाऱ्याच्या अजून न जन्मलेल्या पिढ्यांनाही तो बहाल केला जातो. त्यांची पात्रता तपासण्याची सोय मात्र कुठल्याच सनदेत नसते. १३३७ पासून चालत आलेल्या या परंपरेला यॉर्कच्या प्रकरणाने हाच प्रश्न विचारला आहे. एडिनबराच्या सनदेत त्याचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे, म्हणजे कन्यांच्या हक्काचे, संसदेलाच द्यावे लागेल.