पाण्यात बसलेली गाडी

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी, म्हणजे आम्हां धर्मगुरूंच्या सुटीच्या दिवशी, मी महाडच्या चवदार तळ्याच्या काठी सुमारे चार तास बसून होतो. चिंतनासाठी नव्हे. समोरच्या रस्त्यावर एक पांढरी शुभ्र, जर्मन बनावटीची मोटारगाडी उभी होती आणि ती पुढे सरकायला तयार नव्हती. गाडी माझ्या धर्मग्रामातील एका तरुणाची. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तो पाइप फिटिंगची कंत्राटे घेतो. आठवडाभर तेथे राहतो आणि शनिवारी वसईला घरी येतो. आपले काम आणि बाबासाहेबांचे तळे आईवडिलांना दाखवावे म्हणून त्याने त्यांना आणले होते आणि सोबत मलाही. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडून मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली होती.

गाडी अकरा वर्षांची. नवी असताना तिची किंमत पन्नास लाखांच्या घरात होती. याला ती नऊ लाखांत मिळाली. चार लाख साठविलेले, तीन लाख पतपेढीचे आणि उरलेले आईच्या बांगड्यांचे. "फादर, एवढ्याच पैशांत नवी छोटी गाडी येते. मग हीच का नको?" असे त्याने विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नव्हते. खरे सांगायचे तर ते मी शोधलेही नव्हते. पुढच्या आसनावर बसताना त्या कातड्याचा वास, दार मिटतानाचा तो जड, मऊ आवाज, हे सारे मला आवडले. वाटेत चहासाठी थांबलो तेव्हा हॉटेलचा रखवालदार धावत आला आणि त्याने माझ्या बाजूचे दार उघडले. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला हाच मनुष्य शिटी वाजवून कोपऱ्यात पिटाळतो. त्या क्षणी मला सुख वाटले हे मी येथे नोंदवून ठेवतो. नाहीतर पुढचे सारे कोणा विरक्ताचे बोल आहेत, असा वाचकांचा समज व्हायचा.

या विषयावर आमच्याकडे एक ठरलेले प्रवचन असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, थाटमाट ही मायेची फसवणूक आहे, वगैरे. ते प्रवचन मला मान्य नाही. ज्याने शेतजमिनीवर इमारती उभ्या केल्या त्याच्या कोऱ्या करकरीत गाडीतून आम्ही आनंदाने सभेला जातो, तेथे त्याच्या हस्ते दीपप्रज्वलन करतो आणि त्याच्या गाडीविषयी अवाक्षर काढीत नाही. मग फिटरच्या मुलाने तीच गाडी जुनी घेतली की नम्रतेचा उपदेश त्यालाच का? तळ्याच्या काठी त्या मुलाचे वडील माझ्याजवळ बसले होते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या दादरला नेण्यात घालविली. ते म्हणाले, "फादर, मी जन्मभर लगेजच्या डब्यात उभा राहिलो. आज मुलाने मला गादीवर बसवले." या वाक्याला प्रवचनाचे उत्तर देणारा धर्मगुरू मला तरी व्हायचे नाही.

माझे भांडण त्या बापाच्या सुखाशी नाही. ते सुख ज्यांनी विकायला काढले त्यांच्याशी आहे, आणि "छोटी नवी घेण्यापेक्षा मोठी जुनी घ्या" हे नवे शहाणपण आपल्या लग्नमंडपांतून नि चर्चच्या आवारातून जे सर्रास सांगितले जाते, त्याच्याशी आहे. या शहाणपणात एक उघड खोट आहे. काळाबरोबर गाडीची किंमत उतरते. तिचा खर्च उतरत नाही. नऊ लाखांना घेतलेल्या गाडीचे सुटे भाग पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात, आणि कारागिराची मजुरीही तिचीच. शिवाय ते भाग झिजू लागण्याच्या सुमारासच पहिला मालक गाडी विकतो. तो मूर्ख नसतो. हवेच्या दाबावर चालणारी सस्पेन्शन, स्वयंचलित गिअरबॉक्स, जागोजागी बसविलेले संगणकीय नियंत्रक यांचे आयुष्य कुठवर आहे हे त्याच्या वर्कशॉपने त्याला कळविलेले असते. पुढील बिलांची यादी त्याने वाचलेली असते. आपण फक्त किंमत वाचतो.

एक गोष्ट मान्य करतो. या गाड्या आता परदेशी राहिलेल्या नाहीत. मर्सिडीजची जुळणी १९९५ पासून पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला होऊ लागली. आउडीच्या गाड्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला जुळविल्या जाऊ लागल्या. साहजिकच जुन्या गाड्यांचा साठा वाढला आणि भाव पडले. आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त अभियंते आहेत. त्यांनी अशीच गाडी घेतली. आधी तिचा चासी क्रमांक देऊन अधिकृत वर्कशॉपमधून दुरुस्तीचा सारा इतिहास मागविला, किंमतीच्या एकतृतीयांश रक्कम निराळी बाजूला ठेवली, आणि बारीकसारीक कामे ते स्वतः करतात. त्यांच्याशी माझे काही भांडण नाही. परंतु असे अभियंते किती? बहुतेकांकडे किंमतीपुरतेच पैसे असतात, किंबहुना तेवढेही नसतात. जुन्या गाडीवर बँक एक तर कर्ज देत नाही, दिले तर व्याज अधिक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि नवी छोटी गाडी पूर्वीपेक्षा स्वस्त झाली. हे त्या तरुणाला गाडी विकणाऱ्याने सांगितले नाही. त्याने ते का सांगावे?

त्यात आपले रस्ते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्या वेळी पहिलीत असलेली मुले आज पदवीधर आहेत आणि त्या मार्गावरचे खड्डे आपण सारे जाणतो. बुटक्या टायरांच्या, जमिनीलगत बसणाऱ्या या गाड्या त्या खड्ड्यांसाठी घडविलेल्या नाहीत. महाडहून पोलादपूर, पुढे कशेडी किंवा आंबेनळीचा घाट, अशा मुलखात गाडी अडली तर तिचा जाणकार पुण्याला किंवा नवी मुंबईलाच भेटणार.

त्या दिवशी तळ्यासमोर काय झाले? समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला, मग दुसरा लागला, आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. पनवेलहून ओढगाडी बोलाविली. ती यायला चार तास. तेवढ्यात कोणीतरी जवळच्या गॅरेजमधील मिस्त्रीला घेऊन आले. पन्नाशीचा, मितभाषी मनुष्य. त्याने बॉनेट उघडलेच नाही. चालकाच्या आसनाचा पट्टा हाताने ओढीत ओढीत पार शेवटापर्यंत बाहेर काढला. शेवटची वीतभर पट्टी मातकट होती. मग आसनाखालचा गालिचा उचलून त्याने बोट फिरविले, बोटावर बारीक, राखेसारखा चिखल आला. "साहेब, ही पाण्यात बसलेली आहे," तो म्हणाला. "एकवीस साली पुरानंतर मी दुसरे कामच केले नाही. हा गाळ मला झोपेतही ओळखता येतो."

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे बुडालेल्या वाहनांचा हिशेब कोणी करू नये हे खरे. तरी पाणी ओसरल्यावर त्या वाहनांचे पुढे काय होते, हा प्रश्न उरतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही मुंबईत गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. विमा कंपनीचा नियम असा की, दुरुस्तीचा खर्च विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी संपली असे मानून मालकाला ते मूल्य द्यायचे आणि गाडी भंगारभावाने लिलावात काढायची. महागड्या गाडीत शेकडो तारा नि जोडण्या. त्यांत गढूळ पाणी गेले की ७५ टक्क्यांचा आकडा लवकर गाठला जातो. लिलावात गाडी घेणारा तिला वाळवतो, धुतो, अत्तर मारतो, गालिचे बदलतो, आणि ती दूरच्या गावी विकायला उभी राहते. तांब्याच्या जोडण्यांवर हिरवा गंज चढायला मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर गाडी छान चालते. म्हणूनच ती खपते.

अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर ती पुरात सापडल्याचा शिक्का बसतो. आपल्याकडच्या नोंदणी प्रमाणपत्रावर पाहा: रंग आहे, इंजिनचा क्रमांक आहे, बँकेच्या कर्जाचा उल्लेख आहे. गाडी पाण्यात बुडाली होती काय, यासाठी रकाना नाही. वाहन पूर्ण निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. पण लिलावात विकली गेलेली गाडी 'निकामी' कधी ठरतच नाही, ती केवळ विकली जाते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना रस्ता बंद झाला. तेव्हापासून तिकडच्या गाड्याही स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्यांच्यासाठी तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, महाराष्ट्राचा कर भरायचा, आधीच्या राज्याकडून कराचा परतावा मागत फिरायचे. या खर्चाचा आकडाही जाहिरातीत नसतो.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्विनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका'मधील खरेदी-विक्रीवरचा भाग आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. तेराव्या शतकातल्या त्या डॉमिनिकन पंडिताने घोड्याचे उदाहरण घेतले आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते ग्राहकाला दिसतेच, विक्रेत्याने किंमत त्या मानाने कमी केली की पुरे. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यापायी ग्राहकाचे नुकसान होणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर तो सांगणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे हा अधर्म. गंजलेल्या तारेवर अवलंबून असलेली सुरक्षा-उशी ऐन अपघातात फुगलीच नाही, तर तो दोष कोणत्या प्रकारात बसतो? आपल्या आवारात गाडी आशीर्वादाला आणणाऱ्याला आम्ही धर्मगुरू हे कधी विचारत नाही. यापुढे मी विचारणार आहे. आशीर्वादाच्या आधी आसनाचा पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहणार आहे. कोणी हसले तर हसो.

चवदार तळ्यासमोर बसून मानाविषयी बोलताना जपून बोलावे लागते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे ओंजळभर पाणी प्यायले ते मानासाठीच. आणि तो मान मागण्याचा नव्हता, हक्काचा होता, कारण तळे सार्वजनिक होते. मला मात्र तेथे त्यांची दुसरी एक आठवण छळीत होती. १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले. त्यांना बसवून नेण्यास तेथील टांगेवाले तयार होईनात. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्यातील लोकांच्या मनाला पटेना. तेव्हा त्यांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि त्यांच्यापैकीच एकाने, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, लगाम हाती धरला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडले. त्यांचा पाय मोडला. माझा मान राखण्यासाठी माझ्या माणसांनी माझा जीव धोक्यात घातला, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहिले आहे. त्या लिहिण्यात त्या लोकांवर राग नाही. दोष टांगा नाकारणाऱ्यांचा होता. आज टांगा कोणी नाकारीत नाही. उलट आग्रहाने पुढे करतात, हप्ते बांधून देतात. फक्त चाक कुठे अडकणार आहे, तेवढे सांगत नाहीत.

माझी मागणी साधी आहे. विमा कंपनीने ज्या गाडीचे पूर्ण मूल्य चुकते केले, तिची तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर सक्तीने व्हावी, आणि ती नोंद पुढील प्रत्येक मालकाच्या नावाबरोबर जावी. बँकेचे कर्ज तेथे लिहिता येते, तर पूरही लिहिता येईल. आपल्या समाजात वकील आहेत, विमा कंपन्यांतले अधिकारी आहेत, नगरसेवक आहेत. वार्षिक संमेलनात ठराव करायला आपल्याला विषय सापडत नाहीत असे नेहमी ऐकतो.

त्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज पावणेचार लाख रुपये निघाला. तरुणाने ती दुरुस्त केली नाही, विकायला काढली. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले होते. महिनाभराने साताऱ्याहून एक गिऱ्हाईक आले. शाळेतले शिक्षक, पत्नी सोबत, गाडी पाहून दोघांचेही डोळे लकाकले. पिवळे दिवे तात्पुरते विझविण्याची युक्ती कोणीतरी मुलाला सांगितली होती. आदल्या रात्री तो माझ्याकडे आला. "फादर, मला कोणी सांगितले नव्हते. मग मी का सांगू? बांगड्या आईच्या गेल्या आहेत." मी त्याला काय सांगितले ते वाचकांनी ओळखले असेल, ते सांगताना माझा आवाज फारसा खंबीर नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बांगड्या माझ्या आईच्या नव्हत्या.

सकाळी त्याने स्वतः गालिचा उचलून शिक्षकांना गाळ दाखविला. ते दोघे चहा घेऊन परत गेले. गाडी अद्याप त्याच्या अंगणात निळ्या ताडपत्रीखाली आहे, पतपेढीचा हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला जातो, आणि तो शनिवारी महाडहून एस. टी.ने येतो.