संशयाचा अधिकार

पृथ्वीबाहेर माणसाची वसाहत टिकवायची असेल तर तिच्यात संशयाला थारा असता कामा नये, हे मत अंतराळ-प्रवासाचा विचार करणाऱ्या अनेकांनी इतके गृहीत धरलेले असते की ते सिद्ध करण्याची गरजही सहसा कुणाला भासत नाही. खंडनमंडनाच्या रीतीप्रमाणे, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून मग त्याचे निराकरण करावे या रीतीप्रमाणे, हा पूर्वपक्ष प्रथम नीट सांगितला पाहिजे. तो असा की, बंदिस्त वस्तीत प्राणवायूची झडप ज्याच्या हाती असते त्याच्यावर इतर सर्वांचा जीव अवलंबून असतो. अशा ठिकाणी एकाने दुसऱ्याच्या नोंदी तपासायला सुरुवात केली, की तिसरा त्या दोघांकडे साशंक नजरेने पाहू लागतो आणि टंचाईने बेजार झालेली वस्ती टंचाईने मरण्याआधी भांडणाने मरते. म्हणून माणसे आधीच पारखून घ्यावीत आणि एकदा घेतल्यावर त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकावा. संशयी माणसाचा नाश होतो, या गीतेच्या चौथ्या अध्यायातील वचनाचा आधारही या मताला दिला जातो, मात्र त्याच गीतेचा आरंभ अर्जुनाच्या शंकेने होतो आणि ती अठरा अध्याय ऐकून घेतली जाते, याचा असा आधार देणाऱ्यांना विसर पडलेला असतो.

या पूर्वपक्षात एक खरे निरीक्षण आणि एक चुकीचे अनुमान यांची गल्लत झाली आहे. टंचाईत संशय वाढतो, हे निरीक्षण खरे; पण म्हणून तो दाबून टाकावा, हे अनुमान आजवर झालेल्या प्रत्यक्ष प्रयोगांना धरून नाही.

पृथ्वीबाहेर वसाहत अद्याप झालेली नाही, परंतु तिची सर्वांत जवळची रंगीत तालीम अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात झाली. ‘बायोस्फिअर २’ हे तिचे नाव. सुमारे तीन एकरांवर काचेखाली बंद केलेली, आपली हवा, पाणी व अन्न आपणच फिरवत ठेवू पाहणारी ती कृत्रिम सृष्टी होती आणि २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार स्त्रिया व चार पुरुष तिच्यात दोन वर्षांसाठी शिरले. ही माणसे एकमेकांना परकी नव्हती. प्रकल्पाच्या उभारणीत आणि प्रशिक्षणात ती पुष्कळ काळ बरोबर राहिलेली होती, म्हणजे पूर्वपक्षाची पारखून घेण्याची अट येथे बऱ्याच अंशी पुरी झाली होती. तरीही अर्धपोटी राहणाऱ्या या आठ जणांचे चार-चारचे दोन गट पडले आणि त्यांच्यातील बोलणे कामापुरतेच उरले. दरम्यान आतील हवेतील प्राणवायू जवळजवळ २१ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरला, उंच डोंगरावर लागावी तशी धाप जिना चढताना लागू लागली आणि अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण पुढे रसायनशास्त्राने शोधले: सेंद्रिय द्रव्याने संपन्न अशा मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो वायू काँक्रीटमधील चुन्याशी संयोग पावून भिंतींतच अडकत होता, त्यामुळे हरवलेल्या प्राणवायूचा माग हवेच्या मोजणीत लागत नव्हता.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, प्राणवायू घटला म्हणून या प्रकल्पाची पत गेली नाही. पत गेली ती लपवाछपवीमुळे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे यंत्र आत बसवलेले असल्याची गोष्ट व्यवस्थापनाने गुलदस्त्यात ठेवली आणि ती वृत्तपत्रांनी बाहेर काढली. बोटाच्या दुखापतीवर उपचारासाठी बाहेर गेलेली एक सदस्य परतताना सोबत सामान घेऊन आली, हेही असेच मागाहून कळले. सामान किरकोळ होते की नव्हते, हा वाद त्यानंतर निरर्थक ठरला, कारण बाहेरच्या जगाने पुढे प्रत्येक आकड्यामागे लबाडी शोधायला सुरुवात केली. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारावेत म्हणून नेमलेल्या सल्लागार समितीने १९९३ च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला, म्हणजे जेथे शंका न्यावी असे अधिकृत दारच बंद झाले. पूर्वपक्ष या कथेतून संशयाने वस्ती मोडली असा धडा काढतो. वस्तुतः दुभंगलेले ते आठ जण दोन वर्षे पूर्ण करून २६ सप्टेंबर १९९३ रोजी जिवंत बाहेर आले. एकमेकांशी धड न बोलणाऱ्या माणसांनीही पिकांना पाणी देण्याचे किंवा यंत्रे राखण्याचे काम सोडले नव्हते. वाचवणारी गोष्ट परस्परप्रेम नव्हती, प्रत्येकाचे काम सगळ्यांना दिसत होते ही होती.

प्रत्यक्ष अवकाशात घडलेले उदाहरणही याहून वेगळे सांगत नाही. ३० ऑगस्ट २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र आढळले आणि त्यातून हवा बाहेर जात होती. स्थानकावरील रशियन, अमेरिकी व जर्मन अंतराळवीरांनी मिळून ते इपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या रासायनिक गोंदाने, बुजवले. कोणाचा हात होता हा प्रश्न त्यानंतरचा. तणावाच्या क्षणी चर्चेला वेळ नसतो, या आक्षेपाचे उत्तर या क्रमातच आहे: आधी छिद्र बुजते, मग चौकशी होते. बिघडले ते चौकशीच्या टप्प्यावर आणि तेही जमिनीवर. रशियाच्या अवकाश संस्थेच्या तत्कालीन प्रमुखांनी हे माणसाचे काम असल्याचे सूचित केले, पुढे कारण कळले आहे पण सांगणार नाही अशी भूमिका घेतली आणि २०२१ साली रशियन वृत्तमाध्यमातून एका अमेरिकी अंतराळवीराकडे बोट दाखवले गेले; या आरोपाचा नासाने ठाम इन्कार केला. ज्या चौकशीचा निष्कर्ष झाकून ठेवला जातो ती संशय मिटवत नाही, त्याला कायमचा खुराक पुरवते. याउलट १९७३ च्या नोव्हेंबरात उड्डाण केलेल्या, स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकाच्या शेवटच्या तुकडीने एका सहकाऱ्याला उलटी झाल्याची गोष्ट दडवण्याचे ठरवले, ते बोलणे यानावरील ध्वनिमुद्रणातून जमिनीवर पोहोचले आणि जाहीर कानउघाडणी झाली. मात्र पुढे कामाच्या ओझ्यावरून वाढलेली कुरबूर ३० डिसेंबरच्या मोकळ्या बोलण्याने निवळली आणि तुकडीने ८४ दिवस पूर्ण केले. ज्या घटनेला लोक आजही ‘अंतराळातील बंड’ म्हणतात ती खरे पाहता तक्रार ऐकून घेतल्याची कथा आहे.

एवढ्याने खंडन पुरे होते, पण मंडन, म्हणजे स्वपक्षाची उभारणी, बाकी राहते. संशय दाबू नये हे खरे मानले तरी त्याचे करायचे काय, या प्रश्नाचे सर्वांत परिपक्व उत्तर ‘लायगो’ या ज्या वैज्ञानिक समूहाने दिले आहे त्याची एक शाखा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा. गुरुत्वीय लहरी म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या प्रचंड घटनांमुळे अवकाश-काळाच्या पोतात उठणारे तरंग. ते पृथ्वीवरून जाताना काटकोनात बांधलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही कमी फरक पडतो आणि लेसर किरणांच्या साह्याने तो मोजायचा असतो. एवढ्या सूक्ष्म मोजणीत खऱ्या संकेताचे सोंग आणणारे पुष्कळ असतात. लायगोच्या अमेरिकेतील हॅनफर्ड येथील वेधशाळेत अनाकलनीय वाटणाऱ्या एका गोंगाटाचे मूळ अखेर नळीवर साचलेल्या बर्फावर चोच मारणाऱ्या डोमकावळ्यांत सापडले होते.

या क्षेत्राने अंधविश्वासाची किंमत आधीच मोजली होती. मेरीलँड विद्यापीठातील जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या दंडगोलांच्या आधारे या लहरी सापडल्याचे जाहीर केले, इतरांना त्या सापडेनात. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नोंदींशी वेबर यांनी जुळवलेले संकेत घड्याळांच्या गैरसमजामुळे प्रत्यक्षात चार तासांच्या अंतरावरचे होते, हे निष्पन्न झाले. वेबर लबाड नव्हते. त्यांच्याजवळ त्यांच्यावरच संशय घेण्यासाठी नेमलेले कोणी नव्हते, एवढेच.

लायगोने म्हणून संशयाला कार्यालय दिले. ‘ब्लाइंड इंजेक्शन’, म्हणजे मोजक्या लोकांशिवाय कुणालाही न कळवता यंत्रात खोटा संकेत सोडून संपूर्ण समूहाची परीक्षा घेण्याची पद्धत, सर्वांच्या पूर्वसंमतीने रूढ झाली. १६ सप्टेंबर २०१० रोजी असा एक ठसठशीत संकेत आला. तो बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेचा वाटल्याने ‘बिग डॉग’ म्हटला गेला. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने त्याचे विश्लेषण करून शोधनिबंधही सिद्ध केला आणि १४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियातील आर्केडिया येथील बैठकीत ‘लिफाफा उघडला’ तेव्हा तो संकेत खोटा निघाला. पूर्वपक्षाच्या हिशेबाने या समूहात त्या दिवशी फूट पडायला हवी होती. तसे झाले नाही, कारण फसवणूक कुणा एकाची नव्हती, नियम सर्वांना ठाऊक होता आणि निकाल सर्वांसमोर एकाच वेळी उघड झाला. या तिहींपैकी एक जरी काढून घेतली तरी हीच पद्धत पाळत ठरते, आणि पाळतीत विश्वास वाढत नाही.

या पद्धतीचे फळ १४ सप्टेंबर २०१५ रोजी मिळाले. त्या दिवशी आलेला संकेत जर्मनीतील हॅनोव्हर येथे सर्वप्रथम पाहणाऱ्या मार्को ड्रॅगो यांनाही तो सोडलेला खोटा संकेतच वाटला. इंजेक्शन सोडलेले नाही अशी खात्री झाल्यावरही प्रश्न संपला नाही: आतल्याच कुणी किंवा संगणकात शिरलेल्या कुणी हे केले नाही कशावरून? हा प्रश्न विचारणाऱ्यांना कुणी घरभेदी म्हटले नाही. वाटा तपासल्या गेल्या, असे करण्यासाठी अनेक यंत्रणांची एकाच वेळी सखोल जाण असणारे लोक लागतील असे दिसले, आणि कुठेही माग सापडला नाही. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनाची घोषणा झाली तेव्हा जगाने ती मान्य केली, त्यामागे हे पाच महिने होते. त्यानंतर सहाव्या दिवशी भारत सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली; पुढे एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली.

हिंगोलीच्या मातीला ही रीत नवीन नाही, असे संतपरंपरेच्या आधारे म्हणता येते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे. कथा अशी की, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी मडके पारखावे तसे प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, बाकी सर्व स्वस्थ बसले, आणि नामदेवांना मात्र तो अपमान वाटला म्हणून त्यांचे मडके कच्चे ठरले. पुढे ते औंढ्यास विसोबा खेचरांकडे गेले. त्यांना कच्चे ठरवणारी गोष्ट चूक नव्हती, पारख सोसवली नाही ही होती. थापटणे सगळ्यांच्या डोक्यावर पडले होते, हा तपशील मात्र सांगताना पुष्कळदा निसटतो.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत सभ्य वेशात येतो: शास्त्रज्ञांनी आपसात संशय घ्यावा, पण बाहेरच्या सामान्य माणसाचा संशय हे अज्ञान असते आणि त्याचे निराकरण फक्त शिक्षणाने होते. हिंगोलीत हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, असे लोक वर्षानुवर्षे सांगत आले. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण ज्या मराठवाड्यात अजून ताजी आहे, तेथे रात्री भांडी खणखणल्यावर अंगणात झोपणाऱ्या माणसाला घाबरू नका एवढेच सांगून परत पाठवणे म्हणजे बायोस्फिअरच्या व्यवस्थापनाची चूक पुन्हा करणे होय. शिवाय वेधशाळेला गावाची गरज आहे. जमिनीचा बारीकसा थरकाप, खडी फोडण्याचे यंत्र, अवजड वाहन, हे सर्व तिच्या मोजणीत गोंगाट म्हणून उतरते, आणि तो आवरायचा तर परिसरातील माणसांनी मनापासून साथ दिली पाहिजे; ती आदेशाने मिळत नाही.

वेधशाळेला जमिनीच्या प्रत्येक हालचालीची अखंड नोंद ठेवावीच लागेल, कारण त्याशिवाय तिचे काम चालत नाही. ती नोंद गावकऱ्यांना समजेल अशा भाषेत ठरावीक काळाने ग्रामपंचायतीत लावली जावी, अमुक रात्री आवाज आला असे सांगणाऱ्याची तारीख व वेळ लिहून घेतली जावी आणि यंत्राच्या नोंदीशी ताडून जुळले अथवा न जुळले ते त्याला कळवले जावे, इतके या पक्षाचे मागणे आहे. त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही, एक रजिस्टर आणि ते उघडे ठेवण्याची तयारी लागेल. न जुळलेल्या नोंदीही त्यात राहू द्याव्यात. हॅनफर्डच्या नळीवरील चोचीच्या खुणांपर्यंत शास्त्रज्ञ पोहोचले ते न जुळणाऱ्या नोंदींचा पाठपुरावा केल्यामुळेच.