दुर्मीळ म्हणजे औषधी नव्हे

एखादी वनस्पती दुर्मीळ आहे असे कळले, की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘ही कशावर चालते?’ शिंदळ माकुडीच्या बाबतीत डॉक्टर म्हणून मला हा प्रश्नच धोक्याचा वाटतो.

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही महाराष्ट्राची प्रदेशनिष्ठ वनस्पती. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिचे नामकरण केले. शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी कड्यांच्या भेगांतून तिच्या मांसल फांद्या लोंबतात. पावसाळ्यात पाने आणि पिवळ्या ठिपक्यांची तांबूस फुले येतात. कोरड्या दिवसांत पाने गळतात.

हे पाने गाळणे म्हणजे तिची हुशारी. पाने असताना ती इतर झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेते. तिचे खोड मात्र निवडुंगासारखे तो रात्री घेऊन आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा छिद्रे मिटलेली राहिल्याने पाणी वाचते. एकाच रोपात या दोन्ही पद्धती असणे विरळाच.

घरी ती मरते, ती बहुधा अतिकाळजीने. पाने गळली की माणसे घाबरून पाणी वाढवतात आणि खोड बुडापासून कुजते. खरे तर तेव्हा पाणी अगदी कमी करायला हवे. छिद्र असलेली मातीची कुंडी, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडे शेणखत, भरपूर उजेड पण दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा, एवढे तिला पुरते. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. बूड कुजलेच तर वरची निरोगी फांदी कापून, काप चार-पाच दिवस सावलीत सुकवून पुन्हा लावावी. फांदीपासून ती सहज जगते. म्हणूनच कड्यावरून उपटून आणण्याला कोणतेही निमित्त उरत नाही. रोप हवे असेल तर फांदीपासून वाढवलेलेच घ्यावे.

आता तो प्रश्न. तिच्या नात्यातल्या माकडशिंगीचा अर्क भूक मारण्यासाठी आणि वजन घटवण्यासाठी गोळ्यांच्या रूपात विकला जातो. त्याने वजन लक्षणीय घटते, असा ठोस पुरावा नाही. माकुडीबद्दल तशी अफवा उठली, तर आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरलेली ही वनस्पती एका हंगामात खरवडली जाईल. वजनासाठी आहार, चालणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला हाच मार्ग आहे.

कुंडीतले रोप म्हणजे संवर्धन, असेही समजू नये. एकाच रोपाच्या शंभर फांद्या लावल्या तरी जनुकांच्या हिशेबाने ते एकच रोप. खरी विविधता कड्यावरच आहे, आणि तिला वणवे, चराई व माणसांचे हात यांपासून जपायला हवे. गडावर फूल दिसले तर फोटो काढावा, पण नेमकी जागा जाहीर करू नये. एखादे झाड आपल्या कोणत्याच दुखण्यावर चालत नसले, तरी त्याला जगण्याचा हक्क आहे.