परवान्याआधीचा हिशेब

परदेशी खाणीत पैसा घालून सरकारी मंजुरीची वाट पाहणाऱ्या भागधारकांची तक्रार ठरलेली असते : खाणपट्टा दिलात, वर्षानुवर्षे खर्च करू दिलात, मग पर्यावरण परवान्याच्या वेळीच हात आखडता का? ऐकायला हे रास्त वाटते. पण पट्टा हातात आला म्हणजे खोदकामाची परवानगी मिळाली, असे होत नाही. ती मिळेलच याची खात्री नसते, म्हणून तर असे शेअर स्वस्तात मिळतात. स्वस्ताईचा फायदा आपला आणि नकाराचे नुकसान मात्र त्या देशाच्या तिजोरीचे, हा हिशेब बाजारात तुरी असताना भटणीला मारण्यातला आहे.

रोमानियातले रोशिया मोंतानाच घ्या. ‘गॅब्रिएल रिसोर्सेस’ या कॅनेडियन कंपनीला तिथे सुमारे ३०० टन सोने दिसत होते. त्यासाठी चार उघड्या खाणी, वर्षाला हजारो टन सायनाइड आणि कोर्ना खोऱ्यात गाळ अडवणारा १८० मीटरहून उंच बांध, असा बेत होता. डोंगराच्या पोटात रोमन काळातले खाणबोगदे होते, ते वेगळेच. याच देशात जानेवारी २००० मध्ये बाया मारे येथील बांध फुटून सायनाइडचे सुमारे एक लाख घनमीटर पाणी थेट तिसा नदीपर्यंत गेले होते. त्यानंतर अशी फाइल बारकाईने पाहणे याला आडमुठेपणा कसे म्हणायचे?

यावर उत्तर येते की प्रकल्पात रोमानियन सरकारचीच सुमारे १९ टक्के भागीदारी होती. होती खरी. पण भागीदाराला नफा हवा असतो. परवाना देणाऱ्याला नदी, गाव, वारसा पाहायचा असतो. एकाच सरकारच्या या दोन खुर्च्या आहेत. पहिलीवरचा उत्साह दुसरीवर बसलेल्याला बांधील कसा ठरेल?

अधिक वजनदार आक्षेप व्हेनेझुएलातल्या ‘क्रिस्टॅलेक्स’ या खाण कंपनीच्या प्रकरणाचा. तिथे २००७ मध्ये मंत्रालयाने हमीरक्कम आणि कर भरा, परवाना देतो, असे लेखी कळवले. कंपनीने पैसे भरले आणि २००८ मध्ये नकार आला. २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या गुंतवणूक लवादाने १.२ अब्ज डॉलरची भरपाई मंजूर केली, ती योग्यच. पण परवान्यापुरता तिचा आधार दिलेला शब्द मोडल्याचा होता, परवाना नाकारण्याच्या अधिकारावर तिने घाला घातला नाही. गॅब्रिएलचा परवाना न मिळाल्याबद्दलचा अब्जावधी डॉलरचा दावा मात्र मार्च २०२४ मध्ये लवादाने बहुमताने फेटाळला आणि उलट रोमानियाचा खर्च तिच्यावर टाकला.

याचा अर्थ रोमानियाचे सरकार धुतल्या तांदळासारखे होते असा नाही. २००६ मध्ये पर्यावरण अहवाल आला, २००७ मध्ये प्रक्रिया थांबली, २०१० मध्ये पुन्हा हलली. २०१३ मध्ये तर पंतप्रधान पोन्ता यांच्या सरकारनेच खाणीसाठी खास विधेयक आणले आणि खासदार म्हणून आपण विरोधात मत देऊ, असे पोन्ताच सांगू लागले! लोक रस्त्यावर उतरले, संसदेने विधेयक नाकारले. गुंतवणूकदाराचा खरा हक्क इथे आहे : मुदतीत, कारणांसह, लेखी उत्तर मिळण्याचा. ते ‘हो’च असावे, असा नव्हे.

आणि तो हक्क एकट्या त्याचा नाही. २००६ मध्ये रोशिया मोंतानातली सरकारी खाण बंद पडली. काहींनी कंपनीला घरे विकून गाव सोडले, काहींनी सोडायला नकार दिला, काही नव्या खाणीतल्या नोकरीची आस धरून बसले. फाइल त्यांचीही अडकली होती. वॉशिंग्टनच्या त्या लवादापुढे दावा लावण्याची सोय मात्र फक्त परदेशी गुंतवणूकदाराला आहे.