फोटोच्या मागे नाव लिहा

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा झिजलेल्या. नऊवारी नेसलेली एक तरुण मुलगी खुर्चीत बसलीय, गळ्यात क्रूस, नजर थेट कॅमेऱ्यावर. खाली स्टुडिओच्या छापातलं फक्त 'सिकंदराबाद' वाचता येतं. मागे काहीच नाही. ना नाव, ना साल.

"ही माझी आजी," असं माझी आजी सांगते. म्हणजे माझी खापरपणजी. घरात लहानपणापासून ऐकलेलं ते असं, की आजीचं माहेर मूळ वसईचं, पोर्तुगीजांच्या काळापासूनचे कॅथलिक. पण आजीला आणखी एक गोष्ट आठवत होती: तिची आजी बोलता बोलता मराठवाड्यातल्या एका गावाचं नाव घ्यायची. वसईचं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि बाबा त्या गावाजवळच्या जुन्या पॅरिशमध्ये गेलो. 1956पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे तिकडची माणसं कामासाठी इकडे यायची, यात नवल नाही. फादरांनी रजिस्टर काढून दिलं. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक पॅरिशने ठेवाव्यात, हे रोमच्या 1614च्या विधिग्रंथापासून ठरलेलं आहे. 1908पासून आणखी एक नियम आला: लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायची. त्या समासातल्या ओळीमुळेच ती सापडली. लग्न 1911, सिकंदराबाद.

आणि मूळ नोंद? साल 1900. वय अंदाजे सात. वडील मृत. आई विधवा, तिचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी.

1899-1900चा दुष्काळ मराठवाड्यात किती भयंकर होता, हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं. तो आपल्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे वसई नाही, पोर्तुगीज नाहीत. दुष्काळातून वाचलेल्या दोघी मायलेकी.

घरी आल्यावर काका म्हणाले, "कशाला उकरून काढायचं? लोक म्हणतील, भाकरीसाठी धर्म बदलला."

काकांचं भय खोटं नाही. हा टोमणा आपल्यातल्या अनेकांनी ऐकलाय. पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. भाकरीसाठी आली असेल तर आली असेल. सात वर्षांच्या उपाशी पोरीने त्याची लाज का बाळगायची? आणि तिच्या वतीने आपण तरी का? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण किती आवडीने वाचतो. टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात काय आकांत झाला, ते लक्ष्मीबाईंनी लपवलं नाही. पुस्तकात जे धाडस वाटतं, ते स्वतःच्या घरात अब्रूचा प्रश्न कसं काय होतं?

दुसरीही एक बाजू आहे. राजा दीनदयाळ यांनी 1892मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पण तो उमराव घराण्यांतल्या, पडद्यातल्या बायकांसाठी. दुष्काळातून आलेली पोर पुढे याच शहरात स्टुडिओत जाऊन, खुर्चीत ताठ बसून फोटो काढून घेते, हे मला फार मोठं वाटतं. नुसता फोटो पाहिला असता तर ती कुणीतरी खानदानी बाई वाटली असती. वसईची गोष्ट त्यातूनच जन्मली असावी. नुसतं रजिस्टर वाचलं असतं तर ती फक्त 'विधवेची मुलगी' उरली असती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुठे माणूस दिसायला लागतो.

म्हणून मित्रांनो, एकच सांगणं. घरातल्या जुन्या फोटोंवर नावं घाला. पुढे नाही, मागे. पेनाने नाही, पेन्सिलीने हलक्या हाताने. ज्यांना चेहरे ओळखता येतात ती माणसं आहेत तोवरच हे जमेल. आपल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, पण त्यांना मागची बाजूच नाही. आपल्या खापरपणतीला त्यातून काय कळणार, याचाही जरा विचार करा. आणि जे कळेल ते गैरसोयीचं असलं तर झाकू नका.

आमच्या फोटोमागे आता नाव आहे. आजीचा हात थरथरतो, तरी तिनेच लिहिलं. बाप्तिस्म्याचं नाव, आणि त्याखाली रजिस्टरमध्ये सापडलेलं आधीचंही. ती नावं मी इथे देत नाही. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही.