करंटचं मशीन, आईचा गुडघा आणि आपलं ग्रामीण रुग्णालय

मागच्या आठवड्यात आपल्या गावातल्या मंगल कार्यालयाबाहेर पुन्हा तो फ्लेक्स लागलाय. "मोफत थेरपी शिबिर. गुडघेदुखी, कंबरदुखी, शुगर, बीपी, लकवा. विनाऔषध कायमचा इलाज." खाली दोन पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. तो बघून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी असंच शिबिर झालं होतं. आमची आई रोज सकाळी सहाला रांगेत. तिचं आयुष्य भांगलणीत आणि वैरणीचे भारे वाहण्यात गेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेत. तिथं पायाखाली एक पाटी ठेवायचे आणि हलका करंट सोडायचे. घरी आली की सांगायची, "मुंग्या आल्यागत हुतंय बघ, आन् दुखणं गप बसतंय." मला बरं वाटायचं. दहाव्या दिवशी शिबिर संपलं आणि विक्री सुरू झाली. किंमत २८ हजार. आईनं भिशीचे पैसे मोडून, मला न सांगता मशीन घेतलं.

पैसे तिचे होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मशीन देणाऱ्या पोरानं तिला सांगितलं होतं, "आजी, आता गोळ्या बंद केल्या तरी चालतंय." तिनं बीपीची गोळी बंद केली. दीड महिन्यानं न्हाणीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात बीपी मोजलं तर १९० वर ११०. डॉक्टर म्हणाले, नशीब, फक्त चक्करच आली.

रागाच्या भरात मी ते मशीन भंगारात द्यायला निघालो होतो. तेव्हा ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं, ते तुमच्याही कामाचं आहे.

करंटनं दुखणं कमी होतं, ही थाप नाही. या उपचाराला 'टेन्स' म्हणतात. त्वचेवर चिकटपट्ट्या लावून नसांना विजेचे बारीक झटके द्यायचे. मोबाईलएवढी डबी, बॅटरीवर चालते, दोन किंवा चार पट्ट्या. साधं मशीन हजार-दोन हजारांत मिळतं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं, तसंच हे. स्पर्शाची जाणीव जाड नसांतून जाते, दुखण्याची बारीक नसांतून. मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याचा निरोप फाटकातच अडतो. हा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. त्यावर पुढं बरीच चर्चा, दुरुस्त्या झाल्या, पण टेन्सची कल्पना त्यातूनच रुजली.

मग फायदा किती? २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच दुखणं कमी असतं, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे आई खोटं बोलत नव्हती. पण बारकाईनं वाचा: "चालू असताना आणि लगेच." दुसरीकडं, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठीही तेच. कारण फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही. झिजेवर त्यांचा भर कशावर? व्यायामावर, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवण्यावर.

ताईंच्या भाषेत सांगायचं तर, "करंट म्हणजे तासाभराची उसंत. त्या उसंतीत मांडीचे व्यायाम करून घ्यायचे. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार कमी होतो." झिजलेली गादी करंटनं परत भरत नाही. शुगर जात नाही. लकव्याचा माणूस मशीनच्या भरवशावर धावायला लागत नाही.

आणि हे खेळणं नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसानं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ, छातीवर, गरोदर बाईच्या पोटावर, जखमेवर पट्ट्या लावायच्या नाहीत. फिटचा त्रास असेल तर आधी विचारायचं. शुगरमुळं ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना करंट किती वाढवला ते कळत नाही, कातडीला इजा होते. आणि शिबिरात पाटीवर पाय ठेवायला सगळ्यात पुढं हीच मंडळी असतात! रांगेत कुणी कुणाला "पेसमेकर आहे का" असं विचारल्याचं आईला तरी आठवत नाही.

आता गावाच्या प्रश्नाकडं येतो. आपली म्हातारी माणसं तिथं का जातात? अडाणी आहेत म्हणून? अजिबात नाही. तिथं त्यांना कुणीतरी "आजी, या, बसा" म्हणतं. अर्धा तास बसवतं, दुखणं ऐकून घेतं. आपल्या ग्रामीण रुग्णालयात आईला काय मिळतं? केसपेपर, दोन मिनिटं आणि दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट. फिजिओथेरपिस्ट नाही. खासगीत जायचं तर शहरात, जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि सोबत एक माणूस लागतो. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून कागदावर आहे, त्यात फिजिओथेरपीचा समावेशही आहे. ती सेवा तालुक्यातल्या म्हातारीच्या गुडघ्यापर्यंत कधी पोचणार, हे फ्लेक्सवर हात जोडणाऱ्यांना विचारायला नको का?

माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो.

एक. हॉल देण्याआधी आयोजकांकडून लेखी घ्या: उपचार कोण करणार, त्याचं शिक्षण आणि नोंदणी काय. शुगर, बीपी, लकवा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यानं मनाई आहे. फ्लेक्सचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते. मी या वेळी करणार आहे.

दोन. पुढाऱ्यांनो, फोटो द्यायचाच असेल तर ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा आणि त्याच्या फ्लेक्सवर द्या. पहिला हार मी घालीन.

तीन. आपण घरच्यांनी. आईला रागवू नका. दुखणं सांगते तेव्हा पाच मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा. कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका. दुखण्यासोबत ताप, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, वजन घटणं असं काही असेल किंवा छातीतून हातात कळ येत असेल, तर करंट नको, सरळ दवाखाना.

आईचं ते २८ हजारांचं मशीन आता माळ्यावर आहे. ताईंनी तिला साधं छोटं मशीन वापरायला शिकवलं. रोज वीस मिनिटं ते लावते, मग खुर्चीत बसून पाय सरळ करून दहापर्यंत मोजते. गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत. पण परवा देवळापर्यंत एकटी चालत जाऊन आली. बीपीची गोळी रोज रात्री मी स्वतः देतो.

शिबिर सोमवारी सुरू होतंय. तुमच्या घरातून कुणी जाणार असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा.